एक बटण कमी

कीबोर्ड उलटा करून तिने खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर हलकेच आपटला, आणि त्यातून जे काही गळलं ते बघून आधी तिला लाज वाटली, मग धसका बसला. बिस्किटांचा चुरा, नवऱ्याच्या दाढीचे केस, पेन्सिलीची सालं, वाळून खड्यासारखा झालेला केळ्याचा तुकडा, आणि काहीतरी करडं, ज्याला नाव देण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही. हा कीबोर्ड तिची लेक रोज चाटत होती.

लेक सव्वा वर्षाची. जमिनीवरचा कण न् कण दोन बोटांच्या चिमटीत उचलून तोंडात टाकायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं, आणि खरं नाव फक्त लसीकरणाच्या कार्डावर उरलं होतं. खारूच्या आईला मात्र त्या नावात हसण्यासारखं काही वाटत नसे. खारू जन्मली त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून वावरत होती. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज लागले होते, प्लगच्या भोकांना झाकणं बसली होती, आणि द्राक्षं चार तुकडे करून दिली जात होती, मोठ्यांनासुद्धा.

येत्या सोमवारपासून तिचं काम पुन्हा सुरू व्हायचं होतं. डॉक्टरांच्या परिषदांमधली भाषणं कानात हेडफोन घालून ऐकायची आणि जशीच्या तशी टाइप करून पाठवायची, असं ते काम. रजेच्या काळात कीबोर्डवर राज्य केलं ते खारूने आणि तिला मांडीवर घेऊन क्रिकेटचे आकडे बघणाऱ्या तिच्या बाबाने. आता स्पेसचं मोठं बटण दाबलं की वर यायला आढेवेढे घ्यायचं आणि डावीकडची दोन-तीन अक्षरं एकदा दाबली की दोनदा उमटायची. नवरा म्हणाला होता, नवा घेऊन टाक, कशाला डोकं घालतेस. पण नव्या कीबोर्डांची बटणं वेफरसारखी चपटी, बोटांखाली काही लागतच नाही. ह्याची बटणं खोल होती, दाबल्यावर टक् करून उत्तर देणारी. तिची बोटं ह्याच्यावरच धावायला शिकली होती.

म्हणून शनिवारी सकाळी नवरा कामावर गेल्यावर आणि खारूला झोप लागल्यावर तिने पदर खोचला. म्हणजे घातला होता पायजमा, पण आविर्भाव तोच.

सल्ल्यांना इंटरनेटवर तोटा नव्हता. एक म्हणे पाण्याखाली धरा, दुसरा म्हणे पाण्याचा थेंबही नको. घरातला सल्ला सासूबाईंचा. गरम पाणी आणि साबण ह्यांनी जे निघत नाही त्याला त्या घाण मानतच नसत. बादलीत बुडवून ठेव तासभर आणि मोकळी हो, असं त्यांनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं. आत पाणी गेलं तर सगळा कारभार आटोपेल, हे तिने समजावून सांगितल्यावर त्या बाहेर आल्या, चष्मा नाकावर सरकवून कीबोर्डाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं नाजूक आहे तर चाटू कशाला देता?"

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

वायर तिने कधीच काढून ठेवली होती. सगळी अक्षरं कुठे आहेत ते कळावं म्हणून मोबाइलवर फोटोही काढून ठेवला होता. प्रश्न होता बटणं उचकटायची कशाने. सुरी नको, ओरखडे पडतील. स्क्रूड्रायव्हर नको, खालचा दांडा तुटेल. तेवढ्यात सासरे आले. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता रोज सकाळ-संध्याकाळ जुन्या भागीदाराच्या दुकानात जाऊन बसायचे, आणि कुणी विचारलं तर, जरा जाऊन येतो, एवढंच सांगायचे. त्यांनी खिशातून एक बोथट लाकडी पट्टी काढली, बटणाखाली सरकवली, मनगटाला किंचित पीळ दिला, आणि बटण अलगद त्यांच्या तळहातावर येऊन पडलं.

मग दोघांनी मिळून बटणं काढली. स्पेस, एंटर अशी मोठी बटणं खाली तारेच्या कडीत अडकलेली असतात. तीही काढू या, असा सासऱ्यांचा आग्रह होता, पण तिने ती जागेवरच राहू दिली. अडकवताना नाकी नऊ येतात असं तिने वाचलं होतं. सासरे काम कमी आणि टीका जास्त करत होते. प्रत्येक बटण डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि नाक मुरडायचे. ह्या अक्षराचं पोट खपाटीला गेलंय. ह्याची शेपटी बघ, उंदराची बरी. अशी पाटी मी रंगवली असती तर दुकानदाराने मला त्याच ब्रशने बदडलं असतं. तिला हसू येत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी घरात बसून काहीतरी हाताने करण्याचं सुखही वाटत होतं.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून तिने बटणं भिजवली आणि खारूच्या निवृत्त टूथब्रशने एकेक घासून काढली. पाणी चहासारखं झालं. बटणं पुसून तिने जेवणाच्या टेबलाच्या अगदी मधोमध टॉवेल पसरला आणि त्यावर ती कीबोर्डवर असतात त्याच ओळींत मांडली. मग खिडकी उघडून कानकाडीच्या टोकाला नावापुरतं स्पिरिट लावलं आणि बटणांखालची जागा खणून काढायला बसली. कानकाडी ओली हवी, ठिबकती नको. काळं टोक झालं की टाकून द्यायची, नवी घ्यायची. कानकाड्यांचा ढीग वाढत गेला आणि काळ्या प्लास्टिकला चमक येत गेली. मध्येच कधीतरी सासरे म्हणाले, जरा जाऊन येतो, आणि दार ओढून गेले. तिने मान वर न करताच हं केलं.

काम संपल्यावर स्पिरिटच्या बाटलीचं झाकण तिने दोनदा तपासलं, बाटली सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आणि हात धुवायला मोरीत गेली. हात ती नेहमीच जास्त वेळ धुवायची.

बाहेर आवाज झाला तो गारा पडल्यासारखा.

झालं होतं असं. खारू उठली होती. सासूबाईंनी तिला आणून खाली सोडलं, आणि त्याआधी, टॉवेल सावलीत आहे, बटणं वाळायची कधी, असं म्हणून तो टेबलाच्या उन्हातल्या टोकाला ओढून ठेवला होता. टॉवेलचा कोपरा लोंबला. दुधाचा गॅस बंद करायला त्या आत वळल्या, तेवढा वेळ खारूला पुष्कळ झाला.

ती ओल्या हातांनी धावत आली तेव्हा खारू बटणांच्या मधोमध राणीसारखी बसली होती. दोन्ही मुठींत बटणं, डोक्यावर टॉवेलचं टोक, आणि तोंड हलत होतं. चघळल्यासारखं. आईला बघितल्यावर तिने घोट गिळला आणि हसली.

 खाली बसून तिने लेकीचं तोंड उघडायला लावलं. आत सहा दात, जीभ आणि भरपूर लाळ, बाकी काही नाही. मुठी सोडवल्या. खारूने निषेध म्हणून एक बोंब ठोकली, आणि त्या बोंबेनेच तिला जरा धीर आला, कारण एवढा आवाज निघतोय म्हणजे श्वास मोकळा आहे. पण गिळलं काय होतं? नुसती लाळ? की बटण?

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात दुधाच्या पातेल्याची पक्कड तशीच.

तिने खारूच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या नेहमीप्रमाणे सावकाश बोलल्या. खोकतेय का, श्वासाला आवाज येतोय का, लाळ नेहमीपेक्षा जास्त गळतेय का, पाणी पितेय का, असं एकेक विचारून घेतलं. सगळ्याची उत्तरं बरी होती. घशात बोटं घालू नका, उलटी काढायला जाऊ नका, म्हणाल्या. यातलं काही सुरू झालं तर तडक मोठ्या दवाखान्यात जा, नाहीतर बाळाला घेऊन माझ्याकडे या, पण त्याआधी एक करा. "प्लास्टिक एक्स-रेत धड दिसत नाही. नक्की काही हरवलंय का, आणि केवढं, ते आधी बघून घ्या. तुमच्याकडे तर जागच्या जागी हिशेब आहे. सगळी बटणं लावून टाका."

ती फोन खाली ठेवून त्या बटणांच्या पसाऱ्याकडे बघत राहिली. अर्ध्या तासापूर्वी ही बटणं ओळींत उभी होती. आता काही पालथी, काही खुर्चीखाली, एक सासूबाईंच्या चपलेत. जे काम सोमवारपर्यंत निवांत करायचं होतं, ते आता घाईघाईने करायचं होतं. शेवटी जागा सगळ्या भरल्या तर खारूच्या पोटात काही नाही. एक रिकामी राहिली तर आहे.

सासूबाईंनी खारूला कडेवर घेतलं आणि तिच्याजवळ खाली बसल्या. खारूला समोर बसवून तिच्या हातात रिकामं पातेलं आणि पळी दिली. पातेलं वाजू लागलं. जोवर वाजतंय तोवर ठीक आहे, असं दोघींनीही मनातल्या मनात ठरवून टाकलं असावं.

फोटो समोर ठेवून ती बटणं बसवू लागली. वरची आकड्यांची ओळ आधी, कारण ती सोपी. बटण जागेवर ठेवायचं, अंगठ्याने दाबायचं, टक्. सासूबाई जमिनीवरून शोधून देत होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता यायची, पण कुठलं कुठे ते माहीत नव्हतं, आणि मांडणी बघून त्या चक्रावल्या. बाराखडीसारखं ओळीने का नाही लावलं मेल्यांनी, असं पुटपुटल्या. एरवी ती हसली असती. थोड्या वेळाने सासूबाई फोटोत बघून आपणहून एकेक बटण बसवू लागल्या, आणि चुकीचं बसलं की उपटून पुन्हा लावू लागल्या. पातेलं मध्येच थांबलं की दोघींचे हात थांबायचे. खारूने उचकी दिली तेव्हा तर तिने हातातलं बटण टाकून लेकीचं तोंड पुन्हा उघडून बघितलं. पुढची उचकी आलीच नाही, पातेलं पुन्हा सुरू झालं.

"मीच सरकवला टॉवेल," सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या. "ऊन बघून."

तिला वाटलं होतं की आपल्या तोंडून आता काहीतरी टोचणारं निघेल. वर्षभरात असे शब्द तिने पुष्कळदा गिळले होते, ते ओठांवर तयारच असायचे. पण सासूबाईंच्या बोटांतून बटण पुन्हा निसटलं, मघाशी तिच्या बोटांतून निसटलं होतं तसंच. ती म्हणाली, "हात धुवायला एवढा वेळ मलाही लागायला नको होता, आई. ते बटण द्या बरं इकडे."

ओळी भरत गेल्या. जमिनीवर आता एकही बटण दिसेना. तिने सोफा ओढला, फ्रीजखाली कुंचा फिरवला, टॉवेल झटकला, स्वतःच्या पायजम्याची दुमड उलटी केली. सासूबाईंनी खारूचं झबलं झाडलं, डायपरही उघडून बघितला. मग दोघी पुन्हा कीबोर्डासमोर येऊन बसल्या.

खालच्या ओळीत, जवळजवळ मध्यावर, एक चौकोन रिकामा होता. एनची जागा.

 तिने शेजारचं बटण पुन्हा उपटून तळहातावर घेतलं. केवढं, ते बघायला. नखापेक्षा मोठं, कडा गोलसर, आत पोकळ. एवढं ते. द्राक्षांचे चार तुकडे करणाऱ्या घरात हे असं घडावं. तिचे डोळे भरून आले, पण रडायला सवड नव्हती. बाळाची पिशवी भरलेलीच असायची, तिच्यात पाण्याची बाटली टाकली. सासूबाई म्हणाल्या, ह्यांना सोबत घेऊ, आणि सासऱ्यांना फोन लावला. फोन आतल्या खोलीत, चार्जरवर, आनंदाने वाजू लागला.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "फोन घरी ठेवतात आणि स्वतः गावभर."

खारूला पायात मोजे घालायचे नव्हते. मोज्यांशी झटापट चालली असतानाच दार उघडलं आणि सासरे आत आले. येताना नेहमी हातात काहीतरी भाजी असायची. आज एक हात पुढे धरून, दिवा वाऱ्यात न्यावा तसे ते पाऊल मोजत येत होते. चिमटीत एक काडी, आणि काडीच्या टोकाला चिकटपट्टीने चिकटवलेलं एक काळं बटण.

"हात लावू नका कोणी," ते म्हणाले. "ओलं आहे अजून."

ती दारापाशीच खाली बसली. खारू तिच्या मांडीवर, एका पायात मोजा. तिने बटणाकडे बघितलं. त्यावर पांढऱ्या रंगाने एन काढलेला होता, छापील नव्हे, हाताने काढलेला. दोन खांब सरळ, मधली तिरकी रेघ सुरुवातीला बारीक आणि खाली येता येता भरत गेलेली.

मग सासूबाईंनी जे तोंड सोडलं, त्याला तोड नव्हती. सांगून जायला काय जीभ झिजली असती, पोरीने बटण गिळलं म्हणून आम्ही इथे अर्ध्या मेलो, त्या डॉक्टरीणबाईंना फोन काय, फ्रीजखाली झाडू काय, डायपर काय. सासरे जागच्या जागी उभे राहून ऐकत होते, काडी तशीच पुढे धरून, कारण खाली ठेवली असती तर रंग खराब झाला असता. काय झालं होतं ते त्यांना हळूहळू कळत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खारूकडे बघितलं. खारूने त्यांना बघून हात पसरले.

एनचं अक्षर पार पुसून गेलं होतं, म्हणाले ते. सोमवारी सूनबाई कामाला बसणार, म्हणून एक रंगवून बघू, चांगलं झालं तर बाकीचीही करू, असं मनात आलं, आणि टॉवेलवरून उचलून दुकानात नेलं.

"पण बाबा, मला सांगायचं ना," ती म्हणाली. आवाज रागाने चढवायचा होता, पण तो तसा निघाला नाही. "इथेच रंगवलं असतं तर."

सासऱ्यांनी काडी दुसऱ्या हातात घेतली. "इथे कसं रंगवणार? रंगाचे डबे, थिनर, ब्रश, सगळं तू बाहेर काढायला लावलंस ना, ही यायच्या आधी. आणि विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस."

ते काही टोमणा मारत नव्हते. भाव सांगावा तसं सांगत होते.

तिला आठवलं. सातवा महिना होता. थिनरच्या वासाने डोकं दुखतंय, बाळाला बाधेल, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं, आणि नवऱ्याने बाबांना. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतलं त्यांचं टेबल मोकळं झालं. त्यावर कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ जरा जाऊन यायला लागले, आणि तिला वाटत आलं होतं की म्हाताऱ्या माणसांना गप्पा मारायला सोबत लागते. थिनर बाहेर गेला हे बरंच झालं होतं, त्यात तिला आजही शंका नव्हती. पण थिनरबरोबर माणूसही बाहेर गेला होता, ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. आणि नजरेतून काही सुटू नये, हाच तर तिचा दिवसरात्रीचा धंदा.

आधी तिने डॉक्टरांना फोन केला. बटण मिळालं, आजोबांकडे होतं, असं सांगितल्यावर पलीकडून हसण्याचा आवाज आला. आजोबांना खोकला वगैरे नाही ना, असं त्यांनी विचारलं. तिने ते मोठ्याने सर्वांना सांगितलं आणि मग सासूबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. खारूला वाटलं, लपून भॉक करायचा खेळ चाललाय. ती पदर ओढू लागली.

बटण ठेवायला जागा शोधावी लागली. शेवटी काडी एका रिकाम्या बरणीत उभी केली आणि बरणी कपाटाच्या माथ्यावर. वाळल्यावर वरून वार्निशचे दोन हात द्यावे लागतील, नाहीतर बोटांनी पुन्हा झिजेल, असं सासरे म्हणाले, अजूनही अपराध्यासारखे. आणि कीबोर्ड काम झालं की कपाटावर ठेवत जा, असंही सांगितलं, चाटायच्या वस्तू घरात कमी नाहीत.

तिने भरलेला कीबोर्ड मांडीवर घेतला. मघाच्या धांदलीत नीट बघितलं नव्हतं, आता लक्षात येत होतं, की आणखी किती अक्षरं विरली होती. ई अर्धा राहिला होता, एसचा नुसता एक बाक, एलची नुसती उभी रेघ. टाइप करताना ती कधी खाली बघतच नव्हती, म्हणून आजवर तिला ते दिसलं नव्हतं.

"बाबा, एवढी चारपाच अजून आहेत," ती म्हणाली. "तुमचं सामान घेऊन या ना उद्या. दुकानात नका नेऊ."

सासूबाईंनी पदर खाली केला. सासरे तिच्याकडे बघत राहिले, ही थट्टा तर नव्हे ना, असं.

"बाल्कनीत बसायचं," ती घाईने म्हणाली, कारण एका दमात सांगितलं नाही तर आपला विचार बदलेल अशी तिलाच धास्ती होती. "दार लावून. थिनरची बाटली लहान आणायची आणि काम झालं की दुकानात परत. ही आत आईंजवळ. आणि बटण एकेकच काढायचं, ते लागलं की दुसरं."

"आणि उचलताना सांगायचं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि उचलताना सांगायचं," सासऱ्यांनी पाठ म्हटल्यासारखं म्हटलं.

रविवारी दुपारी बाल्कनीतलं टेबल पुन्हा मांडलं गेलं. काचेच्या दाराआडून खारू आणि तिची आजी बघत होत्या. खारूने काचेला नाक लावून तिथे एक ओला गोल उमटवला होता. खारूची आई बाल्कनीत सासऱ्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभी होती, देखरेखीला म्हणून. थिनरचा वास आला, नाकाला झोंबला, आणि वाऱ्याबरोबर निघून गेला. सासऱ्यांनी सगळ्यांत बारीक ब्रश निवडला, त्याचं टोक चिमटीत फिरवून निमुळतं केलं, श्वास रोखला आणि ई काढायला घेतला. खांब झाला. वरची आडवी झाली. मधली आडवी घ्यायच्या आधी ते थांबले.

"लहान घेऊ का मोठी?" त्यांनी विचारलं.

ती वाकून बघू लागली.